घरातले चोरटे मांजर : तीन भारतीय कृती आणि मराठी भाषांतर

मांजर हा पाळीव प्राणी होय किंवा नाही, ह्या प्रश्नाचा निकाल प्राणिशास्त्रापेक्षा स्वयंपाकघरात अधिक खात्रीने लागतो. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा दार राखतो. मांजर उंदीर मारते हे खरे. परंतु उंदीर मारणे हा त्याचा घरावरील उपकार नसून त्याची स्वतःची आवड असते, आणि ती आवड दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचली म्हणजे घरातील माणसे तिला चोरी म्हणू लागतात. शिंके, जाळीचे कपाट, झाकणावर ठेवलेला वरवंटा ही सारी तटबंदी घराने ज्याच्याविरुद्ध उभारली, तो शत्रू रात्री त्याच घरात, बहुधा घरच्याच एखाद्या माणसाच्या पायथ्याशी, निजलेला असतो. चोर म्हणून ज्याला शिक्षा करावयाची आणि घरचे म्हणून ज्याला वाटीभर दूधही घालावयाचे, असा हा एकच सहवासी. गृहस्थाश्रमातील ही विसंगती भारतीय गद्यलेखकांपैकी काहींनी फार बारकाईने हेरली आहे. वंगीय लेखक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, हिंदी कथाकार भगवतीचरण वर्मा आणि मलयाळम लेखक वैकम मुहम्मद बशीर ह्या तिघांच्या प्रत्येकी एका कृतीचा विचार येथे करावयाचा आहे. आणि तो करताना ह्या कृती मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकारापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांचाही. कारण मूळ कृतीत मांजर नेमके कोठे उभे आहे, हे पुष्कळदा भाषांतराच्या अडचणीतूनच प्रथम कळते.

संस्कृत वाङ्मयातील मांजर सामान्यतः घरात राहत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी हात वर करून तप करणारे आणि विश्वासाने जवळ आलेले उंदीर फस्त करणारे मांजर आहे. हितोपदेशात चांद्रायणव्रताची बतावणी करून गिधाडाच्या ढोलीत आश्रय मिळवणारे दीर्घकर्ण आहे. मनुस्मृतीने तर ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' अशी संज्ञाच देऊन ठेवली आहे. मामल्लपुरमच्या प्रचंड शिल्पपटावर तपस्व्याच्या पवित्र्यात उभे असलेले मांजर ह्याच परंपरेतले. हे सारे मार्जार ढोंगाचे उदाहरण म्हणून वावरतात. त्यांना भूक आहे, पण ती नीतिपाठाला जेवढी लागते तेवढीच. ह्याला अपवाद शोधावयाचा तर तो नीतिकथेत सापडत नाही, अलंकारशास्त्रात सापडतो. भ्रांतिमान् अलंकाराचे उदाहरण म्हणून मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त घेतलेल्या एका श्लोकात खापरात पडलेले चांदणे दूध समजून चाटणारे मांजर आहे. त्या मांजरापासून कोणी काही शिकावे अशी कवीची अपेक्षा नाही. ते फसले आहे आणि चाटते आहे, एवढेच. आधुनिक गद्यातील घरचे मांजर ज्या पूर्वजाचा वारसा सांगते, तो गंगातीरीचा तपस्वी नव्हे, हे चांदणे चाटणारे मांजर होय.

मराठीपुरती आणखी एक गोष्ट आरंभीच नोंदली पाहिजे. 'मांजर' हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना 'मांजरी' आणि 'बोका' उभे आहेत, आणि म्हणींनी ह्या तिघांत कामाची वाटणी केलेली दिसते. डोळे मिटून दूध पिते ते मांजर. शिंके तुटल्यावर ज्याचे फावते तो बोका. आणि जिचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत ती मांजरी. लबाडी नपुंसकलिंगी, संधिसाधूपणा पुल्लिंगी, माया स्त्रीलिंगी! ही विभागणी कोणी ठरवून केली असेल असे नव्हे. परंतु मराठी लेखक मांजराविषयी पहिले वाक्य लिहितो तेव्हा ह्या तिहींपैकी एक दार त्याने उघडलेले असते आणि उरलेली दोन मिटलेली असतात. बंगालीत क्रियापदाला आणि सर्वनामाला लिंग नाही. हिंदीत 'बिल्ली' स्त्रीलिंगीच. मलयाळमच्या क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष ह्यांपैकी कशाचाच विकार होत नाही. तेव्हा पुढील तिन्ही कृतींत मराठी भाषांतरकाराला असा एक निर्णय घ्यावा लागतो, जो मूळ लेखकाला घ्यावा लागला नव्हता.

बंकिमचंद्रांचे 'कमलाकांतेर दप्तर' १८७५ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. त्यापूर्वी त्यातील लेख 'बंगदर्शन' मासिकात येत होते. त्यातील 'बिडाल' हे प्रकरण वाङ्मयीन दृष्ट्या त्या ग्रंथातील सर्वांत घट्ट विणीचे म्हणावे लागेल. अफूचा भोक्ता कमलाकांत हुक्का हाती घेऊन खाटेवर पेंगतो आहे. भिंतीवर दिव्याच्या सावल्या हलत आहेत. आपण नेपोलियन असतो तर वॉटर्लूची लढाई जिंकता आली असती काय, ह्या विचारात तो गढलेला असताना लहानसा आवाज होतो. त्याला वाटते, साक्षात वेलिंग्टन मांजर होऊन अफू मागावयास आला. डोळे नीट उघडल्यावर दिसते ते असे, की प्रसन्न गवळणीने त्याच्याकरिता आणून ठेवलेले दूध एका मांजरीने संपवले आहे. तो व्यूह रचीत होता, ती दूध पीत होती.

येथून पुढे जे घडते त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कमलाकांत प्रथम मनाशी हिशेब करतो. दूध मंगला गाईचे, दोहले प्रसन्नने. तेव्हा त्यावर आपला जो अधिकार तोच मांजरीचा. म्हणजे न्यायाच्या दृष्टीने त्याचा दावा आरंभीच कोसळला आहे. तरीही मांजराने दूध प्याले की मागे काठी घेऊन धावावयाचे, ही चालत आलेली रीत. ती न पाळली तर मनुष्यजातीत कुलांगार ठरण्याची भीती. म्हणून तो शोधून शोधून एक मोडकी काठी मिळवतो आणि धावतो. मांजरी घाबरत नाही. जांभई देते, जराशी सरकून बसते. तो परत खाटेवर जातो, हुक्का उचलतो, आणि मग त्याला तिचे बोलणे समजू लागते.

ह्या प्रकरणाची कीर्ती पुढच्या संवादावर उभी आहे. भूक सर्वांना सारखी. चोर स्वखुशीने चोर होत नाही. ज्याच्याजवळ गरजेपलीकडे साठा असून जो देत नाही तो कृपण चोराहून अधिक दोषी, मग शिक्षा चोरालाच का. ज्यांची डोकी तेलाने माखलेली आहेत त्यांच्याच डोक्यावर तेल ओतण्याची माणसाला खोड. कमलाकांत गडबडतो आणि तिचे बोलणे भारी 'सोशॅलिस्टिक' असल्याचा आरोप करतो. समाजाच्या धनवृद्धीचा मुद्दा त्याने काढताच ती विचारते, की आपल्याला खावयासच मिळत नसेल तर त्या वृद्धीशी आपल्याला काय करावयाचे. चोराला फाशी द्यावयाची तर जरूर द्यावी, परंतु न्यायाधीशाने आधी तीन दिवस उपाशी राहावे, अशी तिची अट आहे.

ह्या भागावर मार्क्सपूर्व, मार्क्सोत्तर अशा पुष्कळ चर्चा करता येतील. तथापि वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बंकिमचंद्रांनी समतेच्या तत्त्वावर 'साम्य' ही पुस्तिका १८७९ मध्ये काढली आणि पुढे विचार पालटल्यावर तिचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही. 'बिडाल' मात्र त्यांनी मागे घेतले नाही. निबंधाची जबाबदारी निबंधकारावर पडते. मांजरीच्या बोलण्याची जबाबदारी कोणावर टाकावयाची? अफूवर, की दुधावर? ती जे बोलली ते खोटे आहे असे म्हणावयाचे तर ती भुकेली नव्हती असे सिद्ध करावे लागेल, आणि तिची बरगडी तर दिसते आहे. मत मागे घेता येते, भूक मागे घेता येत नाही. म्हणूनच ह्या प्रकरणाला केवळ रूपककथा म्हणणे चुकीचे ठरते. रूपककथेतील मांजराने दूध प्यालेच पाहिजे असे नसते. येथे दूध खरोखर संपले आहे, भांडे रिकामे आहे, आणि वादाचा प्रत्येक मुद्दा त्या रिकाम्या भांड्यापाशी परत येतो.

मराठी भाषांतरात पहिली ठेच लागते ती संबोधनांशी. बंकिमचंद्र तिला 'मार्जारसुंदरी' म्हणतात. वादात हरू लागलेला कमलाकांत तिला संस्कृत थाटात 'पंडिते' असे हाकारतो. तिचे स्त्रीत्व केवळ ह्या अलंकृत शब्दांपुरते आहे. बंगाली क्रियापदे त्याविषयी मौन पाळतात. मराठीत मात्र 'मांजरी' म्हणताच ती आली, बसली, म्हणाली, हसली असे स्त्रीत्व ओळीओळीतून पाझरू लागते, आणि दुधाची मागणी करणारी एखादी दीन बाई डोळ्यांपुढे उभी राहते. त्याने करुणा वाढते, विनोद उणावतो. उलट 'मांजर' म्हटले तर संबोधनांतील दरबारी नखरा निराधार होतो. दोन्ही मार्ग सदोष आहेत. त्यातल्या त्यात स्त्रीलिंग पत्करून संबोधने तत्सम ठेवावी आणि क्रियापदे शक्य तेथे वगळावी, हा मार्ग कमी नुकसानीचा.

दुसरी ठेच सर्वनामाची. ती आणि कमलाकांत एकमेकांना 'तुमि' म्हणतात. मराठीत मांजरीने माणसाला 'तू' म्हटले तर उर्मटपणा, 'आपण' म्हटले तर कचेरीतला अर्ज. बंगाली 'तुमि'तील बरोबरी, जिच्यावर साऱ्या प्रकरणाचा तोल आहे, ती मराठीत एका शब्दात मिळत नाही. दोघांनाही 'तुम्ही' द्यावे हे उत्तम. माणसाने मांजरीला 'तुम्ही' म्हणणे मराठी कानाला हास्यास्पद वाटेल, पण ते हास्य मूळ प्रकरणाला परके नाही.

तिसरी अडचण गमतीची आहे. दूध पिऊन तृप्त झालेली मांजरी मनात एका बंगाली म्हणीचे स्मरण करीत असावी, असे कमलाकांताला वाटते. कोणी पाणथळ उपसून मरतो आणि मासा मात्र दुसराच खातो, असा त्या म्हणीचा आशय. मराठीत ह्याला जवळची म्हण आहे : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. पण मांजरीने आपल्या विजयाच्या क्षणी कुत्र्याची म्हण आठवावी हे तिच्या स्वाभिमानाला शोभणारे नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' ही दुसरी. तीत मांजरीचा नाग होतो. येथे मूळ म्हणच शब्दशः ठेवावी, मासा तरी मांजरीचा राहील. 'सोशॅलिस्टिक' हा शब्दही तसाच ठेवावा. 'समाजवादी' केल्यास कमलाकांत विचार करून बोलतो आहे असे वाटेल. वस्तुतः त्याने जे हाती लागले ते फेकून मारले आहे, मोडक्या काठीसारखे.

भाषेच्या पोताचा प्रश्न मात्र सुदैवाने सोपा आहे. 'कमलाकांतेर दप्तर' ग्रंथरूपाने आले त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली होती. प्रौढ, संस्कृतप्रचुर आणि तरीही उपरोधाला वाकणारे गद्य त्या काळी मराठीतही घडत होते. बंकिमचंद्रांची मांजरी आजच्या बोलीत बोलू लागली तर ती चटपटीत वाटेल. मालाकारांच्या वाक्यरचनेत बोलली तर ती जशी आहे तशी, म्हणजे भुकेली आणि विद्वान, वाटेल.

भगवतीचरण वर्मा ह्यांची 'प्रायश्चित्त' ही कथा ह्याहून पुष्कळ अधिक लोकांनी वाचलेली आहे. 'चित्रलेखा' (१९३४) ह्या कादंबरीचे लेखक आणि 'भूले बिसरे चित्र'साठी १९६१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे वर्मा ह्या एका लहानशा विनोदी कथेने उत्तर भारतातील असंख्य शाळकरी मुलांच्या स्मरणात राहिले. घरात नवी आलेली चौदा वर्षांची सून. सासूने भांडारघराच्या किल्ल्या तिच्या हवाली करून स्वतः पूजापाठ धरला आहे. आणि कबरी नावाची मांजरी आहे. तूप, दही, साय काहीच सुरक्षित नाही. सापळा लावून झाला, कबरी त्याकडे ढुंकून पाहत नाही. शेवटी नवऱ्यासाठी पिस्ते, बदाम, मखाणे घालून मनापासून केलेली खीर उंच ठेवलेल्या वाडग्यासकट खाली येते. दुसऱ्या दिवशी सूनबाई उंबऱ्यावर दूध ठेवते आणि कबरी प्यावयास वाकताच लाकडी पाट तिच्यावर आदळते. मांजरी हलत नाही. हत्या! स्वयंपाकीण अन्न शिजवावयाचे थांबते, सासू पाणी वर्ज्य करते, पंडित परमसुख पंचांग घेऊन येतात, कुंभीपाक नरक निश्चित करतात, आणि सोन्याच्या मांजरीचा भाव एकवीस तोळ्यांवरून अकरा तोळ्यांवर येतो. दानाचे धान्य मणांनी मोजले जात असते, इतक्यात मोलकरीण धापा टाकीत येऊन सांगते की मांजरी उठून पळून गेली.

ह्या कथेची स्तुती तिच्या उत्तरार्धासाठी होत आली आहे. पंडित परमसुख हे पात्र हास्यकारक आहे ह्यात शंका नाही; परंतु असे भोजनभाऊ आपल्या सर्वच भाषांच्या प्रहसनांत भेटतात आणि त्यांच्यावाचून कोणाचे फारसे अडत नाही. मनुस्मृतीने मांजराच्या हत्येला प्रायश्चित्त सांगितलेले आहे, तेव्हा पंडिताची फसवणूक प्रायश्चित्त सांगण्यात नसून त्याच्या किमतीत आहे. हा बारकावा वर्मांनी घासाघिशीच्या प्रसंगात सांभाळला, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कथेची खरी शक्ती मात्र पूर्वार्धात, किल्ल्या आणि खीर ह्यांच्या मध्ये आहे. कालपर्यंत माहेरी खेळणारी मुलगी आज एका कोठाराची मालकीण आहे. तिला ते नीट राखता येत नाही. राखता राखता तिचा डोळा लागतो. आणि घरातील प्रत्येक उणीव तिच्या खात्यावर लिहिली जाते. सासूला ती उत्तर देऊ शकत नाही. ज्या एकाच जीवावर तिला हात उगारता येतो तो जीव म्हणजे कबरी. कथेच्या पहिल्याच वाक्यात लेखकाने योजलेला तोल, मांजरीचे सर्वाधिक प्रेम हिच्यावर आणि हिचा सर्वाधिक द्वेष मांजरीवर, हा केवळ चमत्कृतीचा नाही. त्या घरात नव्याने वावरणाऱ्या, पातेल्याभोवती घुटमळणाऱ्या आणि शिव्या खाणाऱ्या ह्या दोघीच आहेत. मांजरी तिच्याच मागे मागे फिरते, पण हाताच्या अंतरापलीकडे राहून. हे निरीक्षण ज्याने मांजरासह दिवस काढले आहेत त्यालाच सुचेल.

म्हणून शेवटी मांजरी पळाली आणि सर्वजण सुटले, असे समाधान मानून पुस्तक मिटणारा वाचक थोडा घाई करतो. सासूचे सोने वाचले, पंडिताचे गेले. मुलीचे काय? तिने सारी ताकद लावून पाट आदळला होता. मांजरी मेली नाही ह्यात तिचे कर्तृत्व काहीच नाही. कथेच्या नावातील प्रायश्चित्त ज्या कृत्याचे होते ते कृत्य घडलेच नाही, पण ज्या रागातून ते घडणार होते तो राग किल्ल्यांसकट तिच्या कमरेलाच राहिला. वर्मांनी ह्याविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. त्यांना तो दिसला नाही, की विनोदाच्या वेगात मुद्दाम मागे टाकला, हे कथेवरून ठरवता येत नाही. आणि पूर्वार्ध इतका खरा साधल्यावर उत्तरार्ध प्रहसनाच्या हवाली करणे ही कथेची उणीव आहे, असेच मत द्यावे लागते.

मराठीत ही कथा आणताना 'मांजर' हे नपुंसकलिंग सर्वस्वी टाळावयास हवे, हे आता निराळे सांगावयास नको. 'ते मांजर' आणि 'ती सून' अशी फारकत झाली की दोघींचे साम्य नाहीसे होते. शिवाय दोन खड्डे आहेत, आणि ते हिंदी-मराठीच्या जवळिकीनेच खणलेले आहेत. पहिला नात्याचा. हिंदी कथेतील मुलीला स्वतःचे नाव नाही. ती 'रामू की बहू' आहे, म्हणजे रामूची बायको. घाईने 'रामूची सून' असे लिहिले की चौदा वर्षांची मुलगी रामूच्या मुलाची बायको होऊन बसते. 'रामूची बायको' हे अर्थाने बरोबर, पण त्यात सासरच्या घराने तिला दिलेले स्थान नाही. 'सूनबाई' हा घरात रुळलेला शब्द येथे कामी येतो. त्यात मान आहे, आणि तो मान किती पोकळ असू शकतो हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे. दुसरा खड्डा अधिक धोक्याचा. मूळ कथेत तिच्या हाती असतो 'पाटा', म्हणजे बसावयाचा लाकडी पाट. मराठीत पाटा म्हणजे वाटण वाटावयाचा दगड. हा शब्द जसाच्या तसा राहू दिला तर चौदा वर्षांच्या मुलीने मणभर धोंडा उचलून आदळला असे होईल, आणि त्याखालून कबरी उठून पळणे अशक्य. एका काना-मात्रेने कथेचा शेवटच खोटा ठरावा, असे उदाहरण भाषांतराच्या व्यवहारात क्वचितच सापडेल.

वैकम मुहम्मद बशीर ह्यांची 'मांत्रिकप्पूच्चा' ही कृती १९६८ मधली. घरातील जनावर आणि घरातील लेखक ह्यांचा शेजार बशीरांनी त्याआधीच, १९५९ मधील 'पात्तुम्मायुडे आडु' ह्या पुस्तकात, अजरामर केला होता. तेथील शेळी लेखकाची छापील पुस्तके खाते, आणि टीकाकारांपेक्षा ती त्यांचा परामर्श अधिक मनापासून घेते असे वाटते. 'मांत्रिकप्पूच्चा'मधील मांजराचा गुन्हा ह्याहून सूक्ष्म आहे. घरात ते 'कैसुकुट्टी' ह्या मुसलमान मुलीच्या नावाने वाढते. पुढे ध्यानात येते की ते मांजरी नसून बोका आहे; आणि त्याचे नाव होते 'नीलांडन', हिंदू पुरुषाचे म्हणून शोभेल असे. शीर्षकातील मांत्रिकपण ह्या पालटाकडे बोट दाखवते. लिंग पालटले, त्यासरशी धर्मही पालटला, आणि मांजराला ह्यापैकी कशाचीच दखल नाही.

बंकिमचंद्रांच्या मांजरीला वाचा आहे, वर्मांच्या कबरीला निदान एक डाव आहे. बशीरांच्या मांजराला दोन्ही नाहीत. घरातल्यांनी त्याच्यावर एक नाव टाकले, मग दुसरे टाकले. ह्या साधेपणामुळे ही कृती पहिल्या वाचनात हलकी वाटण्याचा संभव आहे. परंतु माणसाला त्याचे नाव कोणत्या रांगेत उभे करते हे ज्या समाजात जन्मापासून ठरते, त्या समाजात एका जनावराने नकळत ती रांग ओलांडावी ह्यातील खोडी बशीरांनी आवाज न चढवता सांगितली आहे. तिघांतही उपदेशापासून सर्वांत दूर राहिलेला लेखक तोच, आणि तिघांत मांजराला सर्वांत अधिक मांजर राहू देणाराही तोच.

मराठीचे नपुंसकलिंग, जे इतरत्र आड येते, ते येथे वरदान ठरते. मलयाळम वाक्यात नाव बदलले तरी क्रियापद हलत नाही; मांजर जेथे होते तेथेच असते, बदलतात ती हाका मारणारी माणसे. मराठीत कैसुकुट्टी 'आली' आणि नीलांडन 'आला' असे लिहावयास सुरुवात केली की भाषाच चमत्काराच्या बाजूने साक्ष देऊ लागते. त्याऐवजी हाका मारणाऱ्यांच्या तोंडी 'ती' आणि 'तो' ठेवावे, व निवेदनात आरंभापासून शेवटपर्यंत 'ते मांजर' म्हणावे. मग घर गोंधळलेले राहते आणि निवेदन शांत. हिंदी भाषांतरकाराला ही सोय नाही. 'बिल्ली' म्हणताच त्याने अर्धे उत्तर देऊन टाकलेले असते.

मराठी ललित गद्याने घरच्या मांजराकडे पाहिले नाही असे नव्हे. परंतु आपल्या विनोदाचा ओढा बहुधा माणसाकडे राहिला. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'पाळीव प्राणी' ह्या प्रसिद्ध लेखात रोख प्राण्यांवर आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक ते पाळणाऱ्या हौशी मंडळींवर आहे. आणि तो लेख ज्या जातीचा आहे त्या जातीत ते योग्यच आहे. मांजराने काय सांडले ह्यापेक्षा ते सांडल्यावर यजमान पाहुण्यांपुढे काय म्हणाले, ह्यात आपल्याला रस. त्यामुळे घराचा कायदा, म्हणजे कोणी काय खावे, किल्ल्या कोणाकडे असाव्या, कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, हा मांजराच्या पायाखाली मोडताना मराठी गद्यात फारसा दिसत नाही. ही उणीव भाषांतराने भरून निघेल असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. पण वरील तिन्ही कृती एकत्र, एकाच पुस्तकात मराठीत याव्या, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्या शेजारी शेजारी वाचल्याने एकीचा दुसरीवर जो प्रकाश पडतो तो सुट्या वाचनात पडत नाही.

असे पुस्तक झाल्यास भाषांतरकाराची खरी परीक्षा 'बिडाल'च्या अखेरच्या देवघेवीत लागेल. वादात हरलेला कमलाकांत उपदेशाचा आश्रय घेतो. उद्या छेना येणार आहे, तो दोघे मिळून खाऊ, पण आज कोणाच्या हंडीत तोंड घालू नये, आणि भूक अनावर झालीच तर मोहरीएवढी अफू देऊ, असे तो सुचवतो. अफूची विशेष गरज नाही, असे मांजरी उत्तरते. राहिली हंडीची गोष्ट, तिचा विचार भुकेच्या मानाने करण्यात येईल. ती निघून जाते, आणि एका पतित आत्म्याला अंधारातून प्रकाशात आणल्याच्या आनंदात कमलाकांत मागे उरतो. तिच्या त्या उत्तरात धमकी नाही, विनवणी नाही, पश्चात्ताप तर नाहीच. मराठीत तेथे 'पाहू' हा एकच शब्द लिहिण्याचा मोह होईल, कारण मराठी घरात टाळावयाच्या सर्व गोष्टींना हेच उत्तर मिळते. तो मोह आवरावा. तिने विचार करण्याचे वचन दिले आहे, आणि कशाच्या मानाने करणार हेही सांगितले आहे. ते वाक्य पुरे लिहावे, भूक ह्या शब्दासकट.